फ्लाय बांधण्याचं साहित्य: खर्च किती आणि वाचवायचा कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत राहून गेली अकरा वर्षं मी ट्राउट या थंड, वाहत्या पाण्यातल्या माशासाठी लागणाऱ्या फ्लाय घरीच बांधतो आहे. माझी मासेमारी बहुतेक हंटरडन काउंटीत, रॅरिटन नदीच्या साउथ ब्रांचवर आणि तिथल्या केन लॉकवुड गॉर्जमध्ये होते. एडिसनच्या आसपासची मराठी मंडळी हल्ली बरीच या नादाला लागली आहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न पैशाचाच असतो. पुणे, नाशिकहूनही विचारणा होते. त्या सगळ्या उत्तरांचं हे एकत्रीकरण.

अगदी नव्या माणसासाठी एक ओळ: फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पिसं, केस, लोकर गुंडाळून केलेला नकली किडा किंवा नकली छोटा मासा. किमती मी स्वतः अलीकडे मोजलेल्या, डॉलरमध्ये आणि ढोबळ आहेत.

स्वतः बांधल्याने खरोखर पैसे वाचतात का?

एका फ्लायचा हिशेब मांडू. फेझंट टेल निंफ, म्हणजे पाण्याखालच्या किड्याची नक्कल, मणी लावलेली. शंभर गळांचं पाकीट सतरा डॉलरला घेतलं तर गळ पडतो सतरा सेंटला. टंगस्टन या जड धातूचे शंभर मणी अठरा डॉलरला, म्हणजे मणी अठरा सेंटला. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस, तांब्याची तार आणि दोरा मिळून पाच सेंट. एकूण चाळीस सेंट. दुकानात हीच फ्लाय तीन डॉलरच्या आसपास मिळते. एका फ्लायमागे अडीच डॉलर वाचले असं धरलं आणि हत्यारं व पहिलं साहित्य यांवर दीडशे डॉलर घातले, तर साठाव्या फ्लायला खर्च वसूल होतो. नवशिक्या माणूस एका हंगामात झाडाझुडपांत आणि दगडांत साठ फ्लाय सहज गमावतो, त्यामुळे हा आकडा आवाक्यातला आहे.

मग बहुतेकांचे पैसे वाचत का नाहीत? दोऱ्याच्या एका रिळात शंभराहून जास्त छोट्या फ्लाय होतात, पण माणूस दहा रंगांची दहा रिळं आणतो. एका सशाच्या चेहऱ्याच्या कातडीत शेकडो निंफ निघतात, पण डबिंगच्या, म्हणजे दोऱ्यावर पिळायच्या केसांच्या, बारा रंगांचा डबा बघितला की हात आवरत नाही. साहित्य वापरून संपल्यामुळे खर्च झाला असा माणूस मला अजून भेटलेला नाही. खर्च होतो तो न वापरलेल्या साहित्यावर. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, आधी फ्लाय ठरवा, मग तिची यादी करा आणि यादीत आहे तेवढंच घ्या. स्वयंपाकाला काय करायचं ते न ठरवता बाजारात गेलं की भाजी सडते, तसंच हे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुकानातल्या फ्लाय बहुतेक केनिया, श्रीलंका, थायलंड इथल्या कारागिरांनी हातानेच बांधलेल्या असतात आणि ऑनलाइन काही ठिकाणी डॉलरच्या आतही मिळतात. वर्षातून तीनदा नदीवर जाणाऱ्याने विकतच घ्याव्यात. त्या कारागिरांचं काम उत्तम असतं.

सुरुवातीला किट घ्यावं का?

शक्यतो घेऊ नये. तयार किटमध्ये वीस प्रकारचं साहित्य चिमूट चिमूट असतं, त्यातलं निम्मं कुठल्याच एका फ्लायला पुरत नाही आणि गळ हमखास हलके असतात. माझ्या पहिल्या किटमधली जांभळी आणि भडक नारिंगी पिसं पाच वर्षांनी एका ओळखीच्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी दिली.

त्याऐवजी गळ धरणारा व्हाइस, बारीक टोकाची कात्री, दोऱ्याचं रीळ धरणारा सिरॅमिक नळीचा बॉबिन, गाठ मारायचं व्हिप फिनिशर एवढं सुटं घ्या. टोचा घरी होतो: जाड सुई लाकडी मुठीत किंवा वाइनच्या बुचात रोवा. हेअर स्टॅकरऐवजी रिकाम्या लिपस्टिकची किंवा बंदुकीच्या काडतुसाची नळी चालते. केसांची टोकं एका पातळीत यावीत म्हणून आपटायची ती वस्तू, तळ सपाट असला की झालं. हॅकल, म्हणजे गळाभोवती गुंडाळायचं कोंबड्याचं पीस, धरायचा चिमटा मात्र विकतच घ्या. स्वस्तातलाही चालतो.

व्हाइसवर किती घालावेत?

गळ घट्ट धरला पाहिजे, बाकी सगळी चैन. तीस-चाळीस डॉलरच्या व्हाइसपैकी बरेच भारतातच बनलेले असतात. त्यांचा जबडा मऊ पोलादाचा असेल तर वर्षभरात त्यावर खाच पडते आणि बारीक गळ घसरतो. शंभराच्या आसपासचा जुना, वापरलेला चांगला व्हाइस मिळाला तर तो घ्या. चांगल्या व्हाइसला म्हातारपण नसतं.

असा माल मिळण्याची जागा आमच्या दारातच आहे. जानेवारीत एडिसनला फ्लाय फिशिंगचं मोठं प्रदर्शन भरत आलं आहे, यंदाची जागा आधी पाहून घ्या. तिकीट काढून जा आणि शेवटच्या दिवशी दुपारी जा. माल परत गाडीत भरण्यापेक्षा विक्रेते किंमत उतरवतात असा माझा अनुभव आहे. दुसरी जागा म्हणजे ट्राउट अनलिमिटेडच्या स्थानिक शाखा. ही संस्था १९५९ मध्ये मिशिगनमध्ये सुरू झाली, नद्या राखण्याचं काम करते. अशा शाखांच्या लिलावात वयस्कर सभासदांचा आयुष्यभराचा साठा येतो. मी एकदा चाळीस डॉलरला एक खोकं घेतलं, त्यातली पिसं मला अजून पुरताहेत. त्या आजोबांनी प्रत्येक पिशवीवर तारीख लिहून ठेवली होती आणि ती पिशवी उघडताना मला त्यांची आठवण येते, जरी त्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

हॅकल इतकी महाग का असते? कोंबड्याचंच तर पीस आहे!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला पिसाचे ताठ, सारख्या लांबीचे तंतू लागतात. तेच तिला पाण्यावर उभं धरतात. साध्या कोंबड्याच्या पिसाचे तंतू मऊ असतात, पाणी पितात. अमेरिकेत काही पैदासकारांनी पिढ्यान् पिढ्या निवड करत खास पिसांसाठी कोंबडे वाढवले. ओरेगनच्या हेन्री हॉफमन यांची जात १९८९ मध्ये कोलोरॅडोच्या व्हाइटिंग फार्म्सकडे गेली. आज बाजारातली उत्तम हॅकल बरीचशी तिथून येते. अंड्या-मांसाच्या कोंबड्यापेक्षा हा कोंबडा कितीतरी जास्त काळ, वेगळ्या पिंजऱ्यात, पिसं न मोडता वाढवावा लागतो. किंमत त्या सांभाळण्याची आहे.

त्यात २०११ मध्ये अमेरिकेत मुलींनी केसांत लांब पिसं लावायची फॅशन आली. सलूनवाल्यांनी दुकानांतली सॅडल, म्हणजे कोंबड्याच्या पाठीची पिसं, उचलली, भाव कित्येक पटींनी चढले आणि मासेमारीच्या दुकानांतली फळी रिकामी झाली. फॅशन ओसरली, पण तो धडा बऱ्याच जणांच्या लक्षात राहिला.

आता वाचवायचं कसं. आधी केप आणि सॅडल यांतला फरक कळला पाहिजे. केप म्हणजे मानेची कातडी. तिच्यावर लहान-मोठी सगळ्या मापांची पिसं असतात. सॅडल म्हणजे पाठीची. तिची पिसं लांबलचक, एका पिसात चार-पाच फ्लाय होतात, पण मापं एक-दोनच. तुम्ही कायम १४ आणि १६ नंबरच्या गळावरच (नंबर मोठा तेवढा गळ लहान) बांधत असाल तर सॅडल स्वस्त पडतं. सगळ्या मापांची हौस असेल तर केप. एकाच मापाच्या साधारण शंभर फ्लाय होतील एवढी पिसं असलेलं छोटं पाकीटही मिळतं, पंचवीस-तीस डॉलरला. एक माप, एक रंग पुरेसा असणाऱ्याला तेच बरं.

रंग दोन पुरतात: तांबूस तपकिरी आणि ग्रिझली, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. हे दोन एकत्र गुंडाळले की ॲडम्स या फ्लायची हॅकल होते. ही फ्लाय १९२२ मध्ये मिशिगनमध्ये पहिल्यांदा बांधली गेली आणि आजही जवळपास कुठल्याही नदीवर चालते. ग्रिझली आणि मोराच्या पिसाचे तंतू एवढ्यावर ग्रिफिथ्स नॅट होते.

आणि खरी बचत भिशीत आहे. आम्ही चौघं मिळून वर्षाला एक वरच्या दर्जाचं सॅडल घेतो. एक जण घरी बसून पिसं लांबीप्रमाणे लावतो, चार ढीग करतो आणि चिठ्ठ्या टाकून वाटप होतं. शंभर डॉलरची वस्तू पंचवीसला पडते आणि तरी प्रत्येकाला शेकड्याने फ्लाय होतील एवढा माल मिळतो. वाटणी करणाऱ्याने शेवटचा ढीग घ्यायचा, हा नियम मात्र पाळा.

हॅकल लागतच नाहीत अशा तरंगत्या फ्लाय आहेत का?

आहेत आणि त्या उत्तम आहेत. कॉम्पॅराडन घ्या. हरणाचे केस पंख्यासारखे उभे लावायचे, खाली डबिंगचं अंग. तिचं मूळ न्यू यॉर्कच्या विल्मिंग्टनमधल्या फ्रॅन बेटर्स यांच्या हेस्टॅक फ्लायमध्ये आहे. त्याच बेटर्सची ‘द युज्वल’ नावाची फ्लाय तर स्नोशू जातीच्या सशाच्या एका पायावर निघते: शेपूट, अंग, पंख, सगळं त्याच पायाच्या केसांचं. त्या केसांत हवा धरून राहते, म्हणून फ्लाय बुडाली तरी वर येते. एक पाय काही डॉलरचा आणि त्यात दोन हंगाम जातात. माझ्या डबीत सगळ्यात झिजलेली फ्लाय हीच आहे.

पाण्याखालच्या फ्लायमध्ये सर्वांत स्वस्त कोणती?

इंग्लंडमध्ये एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी फेझंट टेल निंफ बांधली ती दोऱ्याशिवाय. फेझंटच्या शेपटीचे चार-पाच तंतू आणि तांब्याची बारीक तार. तारच वजन देते, तारच बांधून धरते. मणी नको, दोरा नको. मघाच्या हिशेबातले चाळीस सेंट इथे निम्म्यावर येतात.

पेनसिल्व्हेनियाचा वॉल्ट्स वर्म सशाच्या केसांचा नुसता गोळा आहे. ग्रीन विनी म्हणजे हिरव्या शेनिलचा, म्हणजे मखमली जाड दोऱ्याचा, एक तुकडा. मॉप फ्लाय म्हणजे फरशी पुसायच्या मायक्रोफायबर मॉपचं एक बोट गळाला बांधलेलं. काही जुन्या जाणत्यांना ती बघवत नाही, मासे मात्र खातात.

सॉयर यांच्याच किलर बग या फ्लायची गोष्ट सांगण्याजोगी आहे. ती रफू करायच्या एका ठरावीक लोकरीने, चॅडविकच्या ४७७ नंबरने बांधली जायची. लोकर बनायची बंद झाली आणि जुन्या कार्डांना संग्राहक भरमसाट किंमत देऊ लागले. मूळ फ्लाय होती मोजे रफू करून उरलेल्या लोकरीची! गुलाबीसर करड्या रंगाची कुठलीही शेटलंड लोकर आणा. मी तेच करतो.

घरातल्या आणि हस्तकलेच्या दुकानातल्या कोणत्या वस्तू चालतात?

भरपूर. मायकल्ससारख्या दुकानात दोन मिलिमीटरचा फोमचा पत्रा डॉलर-दीड डॉलरला मिळतो. त्यात पन्नासेक मुंग्या, नाकतोडे होतात. तोच फोम मासेमारीच्या दुकानात कापून, पिशवीत घालून तिप्पट किमतीला असतो. भरतकामाचा सुटा रेशमासारखा दोरा अंगाला चालतो. काचेचे बारीक मणी मिज, म्हणजे चिलटाएवढ्या, फ्लायच्या डोक्याला सुरेख दिसतात. फ्रीझरच्या जाड पिशवीची अरुंद पट्टी कापली की स्कड या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची पाठ तयार. रंगाच्या सिंथेटिक ब्रशचे केस मेफ्लाय या किड्याच्या नकलेला शेपूट म्हणून लावा, ते निमुळते असतात आणि एक ब्रश आयुष्यभर पुरतो. नेलपॉलिशची पारदर्शक बाटली डोक्यावरच्या गाठीला पक्कं करते. पुष्कळ अनुभवी लोक तीच वापरतात.

आपल्या घरात आणखी खास वस्तू असतात. आकाशकंदिलाच्या चकचकीत झिरमिळ्या दिवाळीनंतर फेकू नका. त्यांच्या केसाएवढ्या पट्ट्या कापल्या की स्ट्रीमरची, म्हणजे नकली छोट्या माशाची, चमक होते. जुन्या जरीच्या काठातली जर उसवून घ्या. फ्लायच्या अंगावर जे टिन्सल गुंडाळतात त्याचाच तो भाऊ आहे, सपाट हवं असेल तर बादला, म्हणजे चपटी जर. नकली जर पाण्याने काळी पडते, तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या.

माझी आवडती वस्तू घोंगडी. आजोबांच्या घोंगडीचा एक फाटका कोपरा मी इकडे आणला होता. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, काळपट-तपकिरी, मधूनच एखादा पांढरा ताठ केस असलेली. सशाच्या केसांत एक तृतीयांश मिसळली की निंफचं अंग असं केसाळ, जिवंत दिसतं की विकतच्या कुठल्या डबिंगला ती सर नाही. मिसळायला जुना कॉफी ग्राइंडर वापरा, तो फक्त याच कामाला ठेवा. नाहीतर बरणीत साबणाचं पाणी आणि लोकर घालून खळखळून हलवा, गाळा, वाळवा.

एक सूचना. हस्तकलेच्या दुकानातलं माराबू नावाचं मऊ पीस बऱ्याचदा आखूड आणि जाड देठाचं असतं, पाण्यात लवत नाही. वूली बगर या फ्लायची शेपूट लवली नाही तर त्या फ्लायला काही अर्थ नाही, म्हणून ते चांगलं घ्या. माराबू हे एका करकोच्याचं नाव असलं तरी आजचं माराबू टर्कीच्या मऊ पिसांचं असतं आणि फार महागही नसतं.

रस्त्यात, बागेत पडलेली पिसं उचलून वापरली तर?

अमेरिकेत नाही. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टखाली रॉबिन, ब्लू जे, कॅनडा गूज अशा बहुतेक सगळ्या देशी जंगली पक्ष्यांचं गळून पडलेलं पीससुद्धा बाळगता येत नाही. पीस गळलं की पक्ष्याला मारून घेतलं हे पाहणाऱ्याला कळणार नाही, म्हणून कायद्याने दोन्ही एकाच मापात धरलं आणि ते बरोबरच आहे.

या कायद्याबाहेरचे पक्षी म्हणजे बाहेरून आलेले स्टार्लिंग, घरचिमणी, कबुतर. स्टार्लिंगची पिसं सॉफ्ट हॅकल, म्हणजे मऊ पिसाच्या बुडत्या, फ्लायला फारच देखणी. टर्की आणि फेझंटही त्या कायद्यात येत नाहीत, त्यांचे नियम राज्याचे असतात. परवान्याने शिकार केलेल्या बदकाची पिसं फ्लायसाठी वापरायला स्पष्ट मुभा आहे. म्हणून शेजारी कोणी शिकारी असेल तर ओळख ठेवा. हरणाची शेपटी, टर्कीचं पंख, बदकाची बाजूची पिसं तो कचऱ्यात टाकतो. मला दर डिसेंबरला दोन-तीन शेपट्या मिळतात, बदल्यात मी डझनभर फ्लाय देतो. हाड काढून, कातडीवर मीठ किंवा बोरॅक्स चोळून वाळवायची, मग भांड्यांच्या साबणाने केस धुवायचे. रंगवायची तर बिनसाखरेचं कूल-एड (सरबताची रंगीत पूड) आणि व्हिनेगर यांच्या गरम पाण्यात. केस आणि पिसं दोन्हींना रंग पक्का बसतो.

भारतातून पिसं आणली तर स्वस्त पडतील का?

हा मोह टाळा. मोराचं आपोआप गळलेलं पीस देशात विकत मिळतं, पण त्याची निर्यात करता येत नाही. शिवाय बर्ड फ्लूमुळे कच्ची पिसं अमेरिकेच्या विमानतळावर जाहीर करावी लागतात आणि काढून घेतली जाऊ शकतात. इथे पाळीव मोराच्या पिसांचं पाकीट चार-पाच डॉलरला मिळतं, त्यासाठी बॅगेचा धोका कशाला? जर, धुऊन कातलेली लोकर, रेशीम, काचेचे मणी, तार हे खुशाल आणा.

रानकोंबड्याबद्दल वेगळं सांगतो. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर लाखेच्या थेंबासारखे चमकदार ठिपके असलेली पिसं असतात. सॅमन फ्लाय बांधणारे त्याला जंगल कॉक म्हणतात आणि दीडशे वर्षांपूर्वीपासून ती पिसं ब्रिटनला जात होती. या मागणीने आपल्या रानांतले कोंबडे कमी केले. आता तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. ब्रिटनमध्ये पाळलेल्या पक्ष्यांची पिसं कागदपत्रांसह मिळतात, महाग असतात. गिनी फाउलच्या ठिपक्यांच्या पिसावर नेलपॉलिशचा पिवळसर थेंब ठेवला तर फ्लायचं काम होतं. माशाला फरक कळत नाही आणि ताम्हिणीच्या रस्त्यावर पहाटे त्याची बांग ऐकली असेल तर आपल्यालाही ती तडजोड वाटत नाही.

दुर्मीळ पिसांची हाव कुठवर जाते हे २००९ मध्ये दिसलं. इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयातून फ्लाय बांधणाऱ्या एका तरुणाने २९९ पक्ष्यांच्या कातड्या चोरल्या. त्यांतल्या काही निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वतः गोळा केलेल्या होत्या. कोणी तुम्हाला जुनं, विदेशी पीस ‘स्वस्तात’ देऊ केलं तर घेऊ नका.

कुठे अजिबात काटकसर करू नये?

गळावर. शंभर तासांनी एखादा खरा मोठा मासा लागतो आणि गळ सरळ होतो, हे एकदा झालं की बचतीचं गणित आठवत नाही. नवं पाकीट आणलं की एक गळ व्हाइसमध्ये धरून बोटाने वाकवून पाहा. वाकून परत आला तर ठीक, वाकलेलाच राहिला किंवा मोडला तर पाकीट परत करा. महाग कंपनीचाच हवा असं नाही, पण पंचवीसच्या पाकिटाऐवजी शंभराचं घ्या. एका गळामागे दहा सेंटांचा फरक पडतो.

दोऱ्यावरही नको. शिवणयंत्राचा दोरा मोठ्या वूली बगरला चालतो, १६ नंबरच्या गळावर मात्र त्याने फ्लायचं डोकं फुगतं. सत्तर डेनियरचा (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) एक काळा आणि एक तपकिरी दोरा, तीन-साडेतीन डॉलरला एक. बस. आणि कात्री. तिने तार कापू नका, तारेला घरातली जुनी कात्री.

टंगस्टन मणी एवढे का महागले?

टंगस्टन बहुतांश चीनमधून येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रणं आणली. त्याच वर्षी अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली आयातशुल्काची सूट बंद केली. परदेशी दुकानातून थोडे थोडे मणी मागवण्याचा जुना स्वस्त मार्ग त्यामुळे राहिला नाही.

उथळ, संथ पाण्यासाठी पितळी मणी घ्या, किंमत निम्म्याहून कमी. खाली शिसेविरहित तारेचे आठ-दहा वेढे द्या, वजन जवळपास तेवढंच होतं. शिसं वापरू नका. ते पाण्यातल्या पक्ष्यांच्या पोटात जातं, यलोस्टोन उद्यानात त्यावर बंदी आहे, आणि ज्या टेबलावर मुलं गृहपाठ करतात तिथे ते नकोच.

यूव्ही रेझिन, म्हणजे दिव्याखाली घट्ट होणारा गोंद, त्याऐवजी नेल सलूनचं जेल?

चालतं, दिवाही तोच चालतो. पण न वाळलेलं रेझिन बोटाला सतत लागलं तर त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा हातमोजे घाला. मी बहुतेक ठिकाणी साधं सुपरग्लूच वापरतो.

मी महाराष्ट्रात राहतो. सगळं बाहेरून मागवावं लागेल का?

गळ आणि दोरा सोडून जवळपास काहीच नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात इनॅमल केलेली तांब्याची तार वजनावर मिळते. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत लोहार चाळीत विचारा. चौतीस ते अडतीस गेजची पन्नास ग्रॅम घेतलीत तर इकडच्या दुकानातल्या कित्येक छोट्या रिळांएवढी होईल. चिकनच्या दुकानात गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं मागा, दोन-तीनदा शाम्पूने धुवा, वाळवा. ती मऊ असतात म्हणून तरंगत्या फ्लायला नकोत, पण वूली बगर आणि सॉफ्ट हॅकलला छान. एके काळी इंग्लंड-अमेरिकेतले लोक भारतातून गेलेल्या कोंबड्यांच्या केपवरच शिकले आहेत.

मरळीसाठी फोमचा बेडूक बांधा. त्याला रबरी चपलेचा जुना तळवासुद्धा चालतो. खाडीतल्या जिताड्यासाठी क्लाउझर मिनो ही छोट्या माशासारखी फ्लाय, बकटेलऐवजी (हरणाच्या शेपटीच्या केसांऐवजी) बाहुलीचे किंवा गंगावनाचे नायलॉन केस लावून. खाऱ्या पाण्याला मात्र न गंजणारेच गळ घ्या. महसीर कुठे धरता येतो आणि कुठे नाही हे स्थानिक वनखात्याकडे आधी विचारा, आणि धरलाच तर पाण्यातच सोडा. टाटा पॉवरने लोणावळ्याजवळ वळवणला कित्येक दशकं या माशाची पैदास करून पिल्लं धरणांत, नद्यांत सोडली आहेत, ती कशासाठी हे लक्षात असू द्या.

खराब झालेल्या फ्लायचं काय करावं?

ब्लेडने दोरा उभा चिरा, सगळं सुटून येतं. गळ धारदार आणि न गंजलेला असेल तर परत वापरा, टंगस्टन मणी तर नक्कीच. मी हिवाळ्यात एका रविवारी हे काम घेऊन बसतो. गेल्या वेळी त्रेसष्ट मणी निघाले. आजच्या भावात ते अकरा डॉलर झाले आणि त्यासाठी दीड तास क्रिकेट बघत बसलो होतो, एवढंच.

साहित्याला कसर लागली तर?

तर शंभर डॉलरची केप महिन्याभरात भुसा होते. माझी एक गेली आहे. नवं किंवा कोणी दिलेलं साहित्य आलं की ते बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, दोन दिवस बाहेर काढा, परत आठवडाभर ठेवा. पहिल्या थंडीतून वाचलेली अंडी मधल्या दोन दिवसांत उघडतात आणि दुसऱ्या थंडीत मरतात. प्रत्येक कातडीला वेगळी झिपची पिशवी. डांबराच्या गोळ्या काही प्लॅस्टिक वितळवतात, फोम आणि डब्या त्यांपासून लांब ठेवा. मी आईने दिलेली वेखंडाची कांडी ठेवतो, पण भरवसा फ्रीझरवरच.

फ्लाय विकून खर्च भरून काढता येईल का?

आधी व्हिसा पाहा. एच-वन बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर अशी कमाई नियमबाह्य ठरू शकते. वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तरी अमेरिकेत मासेमारीच्या साहित्यावर उत्पादकाला दहा टक्के केंद्रीय अबकारी कर भरावा लागतो आणि घरी फ्लाय बांधून विकणारा कायद्याने उत्पादकच असतो. १९५० च्या एका कायद्याने हा पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाला जातो, त्यामुळे तो चुकवू नये. हे सगळं करून एका फ्लायमागे हातात किती उरतं ते मोजलंत तर वस्तूंच्या अदलाबदलीतच जास्त आनंद आहे असं दिसेल.

माझ्याकडे हत्यारं आहेत आणि साहित्यासाठी फक्त पन्नास डॉलर. काय घेऊ?

१४ नंबरचे निंफचे शंभर गळ, सतरा डॉलर. फेझंटची एक शेपटी, सहा. सशाचा चेहरा, सहा. पितळी मणी शंभर, सात. तपकिरी दोरा, साडेतीन. मोराच्या पिसांचं पाकीट, साडेचार. एकूण चव्वेचाळीस. यात फेझंट टेल, हेअर्स इअर, वॉल्ट्स वर्म आणि मोराच्या अंगाची निंफ अशा चार प्रकारच्या शंभर फ्लाय होतात. तांब्याची तार जुन्या चार्जरच्या वायरीतून काढा. उरलेल्या सहा डॉलरचं पेट्रोल घाला आणि एप्रिलच्या पहिल्या उबदार दुपारी गॉर्जला या, पुलाच्या खालच्या अंगाला.